मधलं बटन, जरासं वर

माझ्या बहिणीचं जुळत आलेलं लग्न मी एकदा एका बोटाने मोडत आणलं होतं.

माझ्या बायकोचा भाऊ कुवेतला नोकरीला होता. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा तो सुट्टीवर येताना स्टिरिओ घेऊन आला आणि परत जाताना आमच्या रिठदच्या घरी ठेवून गेला. त्याला सरकत्या बटनांची एक रांग होती. "याले इक्वलायझर म्हणतात, जाड आवाज डावीकडं, बारीक उजवीकडं," एवढं सांगून तो गेला. (उरलेलं मी स्वतः शोधून काढलं. तिथंच घोटाळा झाला.)

मी गावात मास्तर. शाळा सकाळची असली की दुपारी जेवून मी त्याच्यापुढे बसायचो. डावीकडची बटनं वर नेली की तबला छातीत वाजायचा. उजवीकडची नेली की कुठंतरी बांगड्या किणकिणायच्या. मधली खाली ओढली की गाणारी बाई उठून लांब शेताच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन बसायची, वर केली की परत ओसरीत. डोळे मिटून मी तिला नेत-आणत राहायचो आणि बाहेर उन्हं उतरून जायची.

"आवं, चहा थंडा झाला," माझी बायको सुमन म्हणायची.

"थांब. बाई धुऱ्यावर आहे, येऊ दे तिले."

माझी धाकटी बहीण शोभा फार गोड गायची, पण पाहुण्यांपुढे तिचा आवाज फुटत नसे. आसेगावची मंडळी तिला पाहायला येणार होती आणि मुलाच्या आईला गाण्याची भारी हौस! मी तोडगा काढला. शोभानं एकटीनं गायचं, मी ते टेप करायचं आणि पाहुण्यांना स्टिरिओवर ऐकवायचं.

"दादा, नुसतं लाव. बटनांले हात नोको लावू," शोभा म्हणाली.

मुलगा, त्याची आई आणि मामा आले. जयभीम झाला, पोहे झाले. मी टेप लावली. आवाज स्वच्छ होता, पण मला वाटलं, थोडा जाडपणा हवा. डावीकडची बटनं वर केली. बश्यांतले चमचे थरथरायला लागले.

"दारात ट्रक आला काय?" मामांनी विचारलं.

मी घाईने मधली खाली ओढली. शोभा थेट धुऱ्यावर गेली.

"पोरगी लाजून राह्यली वाट्टे," मुलाची आई म्हणाली.

मी उजवीकडची वर सरकवली.

"नाही, आत काहीतरी तळून राह्यले," मामा म्हणाले.

आमच्या बाबांनी कपाळाला हात लावला. मुलाची आई पदर सावरून उठायच्या बेतात होती. मी डोळे मिटले आणि मधलं बटन हळूच, अगदी केसभर, वर घेतलं.

आणि जमलं! असा आवाज मी त्या यंत्रातून कधी ऐकला नव्हता. कापूस वाऱ्यावर जावा तसा तो घरभर तरंगत होता. ना खरखर, ना घरघर. मी श्वास रोखून बोट जागेवर धरून ठेवलं. गाणं संपलं.

"वा," मुलगा म्हणाला. "मास्तर, हे कसं केलं?"

"मधलं बटन," मी डोळे न उघडता सांगितलं. "जरासं वर घ्या लागते. हात बसला पायजे."

सगळे हसायला लागले तेव्हा मी डोळे उघडले. स्टिरिओ बंद होता. ओसरीच्या मधोमध शोभा उभी होती, रागानं लाल, आणि तिच्या हातात स्टिरिओची उपटलेली वायर होती. तिची सारी लाज त्या रागात वाहून गेली होती.

लग्न तिथंच ठरलं. मुलाच्या आईनं शोभाला जवळ बसवून आणखी एक गाणं म्हणायला लावलं.

अजूनही शोभाच्या घरी गेलो की ती गाते. मी डोळे मिटतो आणि माझं बोट आपोआप खुर्चीच्या हातावर वरखाली सरकायला लागतं. शोभा थांबते.

"दादा, हात मांडीवर ठेव."

मी ठेवतो. (आवाज खरंच सुधारतो.)