दाजीसाहेबांची बॅटरी आणि साळूबाचा हात

घुर्र... घुर्र... टक्.

थंडीच्या दिवसांत शहागंजच्या मोटार अड्ड्यावर सकाळी हा आवाज आला की समजायचं, बॅटरी बसली. त्यापाठोपाठ हाक ठरलेली, "साळूबा, हँडल मार!" मग लोखंडी हँडल पुढून इंजिनात घालायचं आणि हातानं फिरवून मोटार चालू करायची.

बॅटरीच्या डब्यात तळाशी गाळ साचतो. प्लेटांचं शिसं झिजून कणाकणानं खाली बसत जातं. वरून काही दिसत नाही. गाळ प्लेटांना टेकला की बॅटरी संपली. किस्स्यांचंही तसंच असतं. माझ्यात बराच साचलाय, म्हणून सांगून टाकतो. हसा खुशाल. तेव्हा आम्हीही हसलो होतो. आता आठवलं की राग येतो.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं दूर जर्मनची लढाई चाललेली. पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसवायची आणि त्या ग्यासवर मोटार चालवायची. अशी मोटार चालू करताना बॅटरीचा जीव जायचा. मी छावणीत रहीमचाचांच्या दुकानात बॅटऱ्या चार्ज करायला होतो. दाजीसाहेबांची एक उतारूंची मोटार बिडकीनवरून पैठणला जायची. तिचा ड्रायव्हर यासीनभाई आणि क्लिनर साळूबा. साळूबा करमाडकडचा धनगर. मेंढरं भावाकडं सोडून आला होता, कारण त्याला ड्रायव्हर व्हायचं होतं. मोटार रिकामी असली की यासीनभाई त्याच्या हातात स्टेअरिंग द्यायचा. त्या दिवशी साळूबा जेवायचंसुद्धा विसरायचा.

\*

एकदा दाजीसाहेब जुन्या सामानाच्या गुजरी बाजारातून बॅटरी घेऊन आले. गोणपाटात गुंडाळून, टांग्यात शेजारी बसवून!

"चाचा, नवीकोरी! आणि निम्म्या दरात!"

चाचांनी डब्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं. दाजीसाहेबांचं धोतरही काळं झालं होतं, ते त्यांनी पाहिलं नव्हतं. चाचांनी बॅटरी उचलून बघितली आणि हळूच खाली ठेवली.

"दाजीसाहेब, ही लई हलकी हाय. आतल्या प्लेटा खाऊन गेल्यात. सस्ती घ्यायची तर जुनी घ्या, पण रंगवलेली नक्को. मी तुमच्याच डब्यात दुसऱ्या प्लेटा भरून देतो. दोन हिवाळे कुठं गेले नाहीत."

"चाचा, धंद्याचं बोलता तुम्ही. अहो, नवी आहे म्हणून हलकी! तान्हं पोर हलकंच असतं की!"

ते तान्हं पोर पंधरवड्यात गेलं. तोवर रोज सकाळी साळूबा हँडल मारत होता.

\*

चाचांनी मग जुनी चांगली बॅटरी बांधून दिली आणि यासीनभाईला सगळं समजावून सांगितलं. पाणी प्लेटांच्या वर राहिलं पाहिजे. पाणी फक्त दुकानातलं, वाफ गार करून काढलेलं. पट्टा घट्ट आवळायचा, धक्क्यानं प्लेटा झडतात. तारांच्या टोकांवर पांढरं फूल आलं की सोड्याच्या पाण्यानं धुवायचं आणि वर व्हॅसलीन लावायचं. बसलेली बॅटरी तशीच ठेवायची नाही, लगेच चार्जिंगला आणायची.

दाजीसाहेबांना यातलं पाण्याचं तेवढं झोंबलं. "पाणी विकत? गावातून नहर वाहते!"

दसऱ्याला त्यांनी मोटारीची पूजा केली. बॅटरीला हळदकुंकू वाहिलं, लिंबू कापलं आणि सगळी बुचं काढून पैठणहून आणलेलं गोदावरीचं पाणी आत ओतलं. "याहून शुद्ध काय असतं?"

आठ दिवसांत बॅटरी आमच्या दुकानात आली. चाचांनी आत डोकावलं. ते कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही.

"दाजीसाहेब, तुमच्यात गंगाजळ माणसाच्या तोंडात कधी घालतात?"

"मरताना," दाजीसाहेब म्हणाले.

"मग? तेच केलंत तुम्ही."

\*

चाचांनी आतलं पाणी बदलून तीच बॅटरी कशीबशी चालती केली. पुढं एकदा बिडकीनच्या चढाच्या अलीकडं मोटार बंद पडली. बॅटरी मेलेली आणि हँडल मारून मारून साळूबाच्या तळहाताला फोड आलेले. यासीनभाई म्हणाला, "उतरा मंडळी, धक्का मारा." दाजीसाहेबही त्या दिवशी मोटारीत होते. ते पुढच्या सीटवरून हलले नाहीत.

एका म्हातारीनं कोंबडीची पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि ढकलायला लागली. मोटार चालू झाली तशी ती दाजीसाहेबांच्या खिडकीपाशी आली.

"मालक, तिकीट कशाचं घेतलं व्हतं? बसायचं का ढकलायचं?"

"आजी, बसायचं."

"मंग ढकललेल्या वाटंचं माघारी द्या. आन् तुम्ही बसून व्हता, तुमचं तिकीट मला दावा!"

सगळी मोटार हसली. दाजीसाहेबही हसले. तिकिटाचं काही माघारी दिलं नाही.

\*

पुढं त्यांनी बॅटरी जपायचा स्वतःचाच उपाय काढला. दिवे लावायचेच नाहीत! परत येताना अंधारायला लागलं की साळूबानं कंदील घेऊन पुढच्या मडगार्डवर बसायचं. हॉर्नची तारसुद्धा काढून टाकली.

नाक्यावर पोलीस जमेदारानं मोटार अडवली. "क्यों मियाँ, बत्ती किधर है?"

साळूबानं कंदील वर धरला. "ही काय, हुजूर."

"और हॉर्न?"

साळूबानं छाती भरून घेतली आणि कळपाला घालतात तशी हाळी घातली, "हुर्र्र्र् हाऽऽ!" नाक्यावरच्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. जमेदाराचा पट्टा हसून हसून सुटायची वेळ आली. त्यानं मोटार सोडून दिली.

साळूबा हे लई रंगवून सांगायचा. ऐकताना मी त्याचे पाय बघत असायचो. थंडीत लोखंडावर तास तास बसून ते निळे पडलेले असायचे.

\*

पौषातली सकाळ. चाचांनी दोनदा निरोप धाडला होता, "ही बॅटरी संपली. आता माझ्याच्यानं काही होत नाही. दुसरी घ्या, नाहीतर त्या पोराचा हात जाईल." दाजीसाहेबांचं उत्तर ठरलेलं, "लढाई चालली आहे. नवी मिळते कुठं?"

मी अड्ड्यावर दुसऱ्या मोटारीची बॅटरी पोचवायला गेलो होतो. घुर्र... टक्. साळूबानं हँडल घातलं. अंगठा शिकवल्याप्रमाणं बोटांच्याच बाजूला ठेवला होता. दोन फेरे झाले. तिसऱ्याला इंजिन उलटं फिरलं आणि हँडलनं झटका दिला.

कड्कन आवाज झाला. साळूबा खाली बसला. उजवा पंजा मनगटापासून भलत्याच बाजूला वळला होता. यासीनभाई उडी मारून खाली आला, "या अल्ला!" मी माझा रुमाल काढला, पण तो बांधायचा कुठं तेच समजेना.

दाजीसाहेब चहाच्या दुकानातून धावत आले. वाकून बघितलं.

"हँडल वाकलं नाही ना रे?"

त्यांच्या तोंडचं हे वाक्य मी अजून विसरलो नाही. विसरायचंही नाही.

\*

हाडवैद्यानं हात बांधला. हाड जुळलं, पण पंजा वळेना. यासीनभाईनं त्याला एकदा रिकाम्या मोटारीत स्टेअरिंगवर बसवून बघितलं. साळूबा उतरला आणि डाव्या हातानं काच पुसायला लागला. हँडल आता यासीनभाईचा धाकटा भाऊ मारायचा.

आणि मग नवी बॅटरी मिळाली! खरीखुरी नवी. दाजीसाहेबांनी लष्करातल्या कुणाला तरी गाठलं होतं. चाचांनी तिला पहिलं चार्जिंग दिलं. साळूबा रोज बघायला यायचा. "चाचा, आता हँडल कुनालाच माराया लागनार नाय, व्हय ना?"

"हौ बेटा. पायानं नुसता स्टार्टर दाबायचा."

तिसऱ्या दिवशी निरोप आला, बॅटरी अड्ड्यावर नको, घरी पाठवा. मीच घेऊन गेलो. दाजीसाहेबांनी रेडिओ घेतला होता. त्यांच्या आळीत वीज नव्हती, म्हणून रेडिओ बॅटरीवर लावायचा. तारा कुठं जोडायच्या ते त्यांना माहीत नव्हतं. मी जोडून दिल्या.

संध्याकाळी ओसरी भरली. वकील, कंत्राटं घेणारे गुत्तेदार, शेजारपाजारचे. मीही कोपऱ्यात बसलो होतो. लढाईच्या बातम्या लागल्या. दाजीसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "आवाज बघा, आवाज! बॅटरी नवी आहे!"

तेवढ्यात साळूबा दारात आला. अड्ड्यावर कुणीतरी त्याला सांगितलं असावं.

"ये रे साळूबा, ऐक तूही! तिथं पायरीवर बस."

साळूबा पायरीवर बसला नाही. चपला बाहेर काढून तो सरळ आत आला. माणसांनी पाय आखडून वाट दिली. तो रेडिओपाशी बसला आणि डाव्या हातानं एक तार काढली. बातम्या सांगणारा माणूस शब्द अर्धा टाकून थांबला. साळूबानं दुसरी तार काढली.

"अरे ए! अरे काय करतो?" दाजीसाहेब उठले. "वेड लागलं का? साळूबा!"

साळूबानं डोईचं पागोटं उतरवलं, त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. भारा उचलताना वाटेवरच्या माणसाकडं बघतात, तसं.

मी उठलो आणि बॅटरीला हात लावला.

बॅटरी त्याच्या डोक्यावर चढली. त्यानं डाव्या हातानं ती सरळ धरली, थेंबही सांडू दिला नाही, आणि सगळ्यांच्या मधून अड्ड्याकडं चालत गेला.