न्हाई पटलं

कोणतीही वस्तू हातात आली की आबा आधी तिच्यावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकत, मान किंचित वाकडी करून ऐकत आणि मगच बोलत. कलिंगड असो, शाळेचा बाक असो, नाहीतर मी पुढे केलेली पाण्याची बाटली असो, टक, टक. त्यानंतर बहुतेक वेळा दोनच शब्द येत : "न्हाई पटलं."

हे शब्द ते रागानं उच्चारत नसत. उत्तरपत्रिकेवर चुकीची खूण करावी इतक्या शांतपणे ते म्हणत. पण एकदा म्हटले की मग त्यांना जागचं हलवणं कुणाला जमत नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालताना आपला आवाज चढतो आणि त्यांचा चढत नाही.

कान्ह्याजवळच्या एका वाडीत मी पहिली-दुसरीचा वर्ग शिकवते. ते शाळेच्या मागच्या आळीत राहत. सगळी आळी त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. ते रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे काय, हे इथं सांगायला हवं. रूळ जागच्या जागी घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. गाड्या जातात, हादरे बसतात, चाव्या ढिल्या होतात. म्हणून एक माणूस रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून आपल्या वाट्याचे रूळ चालत तपासतो आणि ढिली सापडेल ती चावी ठोकून बसवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आबांनी हे काम तीसेक वर्षं केलं. निवृत्तीच्या दिवशी हातोडा रेल्वेला परत गेला. ठोकून ऐकण्याची सवय मात्र त्यांच्यापाशीच राहिली.

त्यांची नात पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. कान तपासून झाले होते; ऐकू नीट येत होतं. पण कुकरची शिट्टी झाली की ती दोन्ही हात कानांवर दाबून कोपऱ्यात बसे, पायात चप्पल ठेवत नसे आणि एका जागी दोन मिनिटं टिकत नसे. मुलगा आणि सून दोघंही आंबीच्या कारखान्यांत पाळीनं कामाला, त्यामुळे दिवसभर ती आबांजवळच असे. जूनमध्ये तिला पहिलीत बसवायचं की घरीच ठेवायचं, हा प्रश्न घरात उभा राहिला. भावकीतल्या एकानं सल्ला दिला, "पोरीची जात. ऱ्हाऊ द्या घरात. काय अडलंय?"

"न्हाई पटलं," आबा म्हणाले. "आमच्या घरात शाळंला न्हाई म्हनायची रीत न्हाई."

बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं होतं की मुलीला दोन प्रकारचे उपचार लागतील : एक बोलण्याचा, म्हणजे स्पीच थेरपी, दुसरा हातापायांच्या हालचाली, अंगाचा तोल, आवाज-स्पर्श सोसण्याची सवय यांचा, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. ते कुठे घ्यायचे, हे घरच्यांनी ठरवायचं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आबा वर्गाच्या दारात उभे.

"जय भीम, बाई. बोलायचा दवाखाना निवडायचाय. तुमी शिकलेल्या. सांगा कुटला."

मला असं काम आवडतं. मी चार दिवस फोन केले, माहिती मिळवली आणि सात रकान्यांचा तक्ता आखला. पदवी, नोंदणी, अनुभव, अंतर, दोन्ही उपचार एकत्र आहेत का, आधी तपासणी करतात की थेट सुरुवात, आणि उद्दिष्टं लिहून देतात का. तीन ठिकाणं त्यात बसली. शहरातलं मोठं केंद्र माझ्या तक्त्यात पहिलं आलं, तळेगावचं दुसरं आणि लोणावळ्याचं तिसरं.

आबांनी तक्त्याच्या पुठ्ठ्यावर टक, टक केलं. "तक्ता झ्याक हाय. पन बाई, तुमी तितं गेलता का?"

"नाही. फोनवर सगळं विचारलं."

"फोनवर रूळ तपासत न्हाईत. तिनी ठिकानं बगायची. तुमी बी चला, तक्ता तुमचा हाय."

मी गेले. अर्धी उत्सुकता होती, अर्धा दुखावलेला अभिमान.

शहरातल्या केंद्राला काचेचं दार होतं, आत थंडगार हवा आणि भिंतीत माशांची पेटी. मोठ्या खोलीत झोके, लाकडी शिडी, रंगीत चेंडू, सगळं ओळीनं मांडलेलं. मी मनातल्या मनात माझ्या तक्त्याला शाबासकी देत होते. आबा शिडीजवळ गेले. टक, टक. मग झोका टांगलेल्या कडीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिले.

स्वागतकक्षातल्या मुलीनं नियम सांगितले. मूल एकटंच आत जाईल, पालकांनी बाहेर बसायचं. आत बसायला परवानगी नाही. "आणि घरी शक्यतो इंग्लिशमध्येच बोला, म्हणजे तिचा गोंधळ होणार नाही."

"इंग्लिशमदी? आमच्या घरात कोन बोलनार? म्हस?"

ती मुलगी खुदकन हसली. तिला जे सांगून ठेवलं होतं तेच ती बिचारी सांगत होती. आबा हसले नाहीत. "पोरगी आदी माझ्या आंब्याला आंबा म्हनंल," ते म्हणाले. "साहेबाचं मागनं बगू."

बाहेर आल्यावर मी कारण विचारलं. ते रस्त्याच्या कडेला थांबले. "बाई, वापरातला रूळ वरनं आरशावानी चकाकतो. ज्या रुळावरनं गाडीच जात न्हाई, तो गंजतो. त्या कडीवरचा रंग बगितला का? जसाच्या तसा. शिडीला एक वरखडा न्हाई. हितं पोरं चढत न्हाईत, फोटू काढत्यात."

"कदाचित केंद्र नवीन असेल, आबा."

"आसंल की. मंग दार लावून का घ्यायचं?"

मी पिशवीतून तक्ता काढून पाहिला. दाराचा रकाना त्यात नव्हता.

तळेगावला एका गृहस्थांनी आमचं स्वागत केलं. नात त्यांच्या टेबलाखाली जाऊन बसली होती. तिच्याकडे न वाकता ते म्हणाले, "सहा महिन्यांत बोलायला लागेल. गॅरंटी."

"सायेब," आबा म्हणाले, "तीस वर्सं चाव्या ठोकल्या. उद्या ढिली व्हनार न्हाई, असं एकदा बी कुनाला लिवून दिलं न्हाई. तुमी तर अजून पोरगी बगितली न्हाई."

"आजोबा, थोडा विश्वास ठेवायला शिका."

टेबलावर टक, टक झालं. पुढचे दोन शब्द तुम्हाला माहीत आहेत.

राहिलं लोणावळा. आबांच्या मुलानं सकाळी चेष्टा केली होती, "आबा, लोनावळ्याला लोक पॉइंट बगायला जात्यात."

"आपन पोरगी दाखवायला चाललोय," असं म्हणत आबांनी नातीला कडेवर घेतलं. दुपारच्या रिकाम्या गाडीनं आम्ही तीन स्टेशनं गेलो.

बाजारामागच्या गल्लीत, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत तो दवाखाना होता. भिंतीला ओल, दाराशी लहान लहान चपलांचा ढीग. बोलणं शिकवणाऱ्या ताई आठवड्यातून तीनच दिवस येत, म्हणून मी या जागेला शेवटचा क्रमांक दिला होता. आत लाकडी पायऱ्या होत्या. त्यांच्या मधोमध पावलांनी खळगे पडले होते. झोक्याच्या कापडाला दोन ठिगळं होती. कडीला दोर जिथं घासत होता, तिथं लोखंड चांदीसारखं चकाकत होतं. आबांनी त्या कडीवर ठोकलं, ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते दोन शब्द आले नाहीत.

बोलणं शिकवणाऱ्या त्या ताई तरुण होत्या. त्यांनी मुलीला हाक मारली नाही, जवळ ओढलं नाही. जमिनीवर बसून मसूर डाळ भरलेल्या परातीत हात फिरवत राहिल्या. पाव तासानं मुलगी आपणहून आली आणि तिनं कोपरापर्यंत हात डाळीत खुपसले.

"मी आत बसू का?" आबांनी विचारलं.

"बसायलाच हवं. इथं आम्ही आठवड्यातून दोन तास, घरी तुम्ही रोज. पण मध्ये बोलायचं नाही."

आबा भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळानं मुलीनं फळीवरच्या पाण्याच्या बाटलीकडे नुसतं पाहिलं. आबा तटकन उठले, झाकण काढून बाटली तिच्या तोंडाला लावली.

"आबा, तिनं मागितलं का?"

"मागंल कशी? बोलती कुटं?"

"तिनं मागायच्या आधी तुम्ही देता. मग तिनं बोलावं कशासाठी? बाटली हातात धरा, तिच्याकडे बघा आणि मनात दहापर्यंत मोजा. ती बोट दाखवेल, हात ओढेल, आवाज काढेल, काहीही चालेल. पण पाळी तिची. ती आपण घ्यायची नाही."

आबांचा चेहरा उतरला. "तान्हेल्या लेकराला आकडे मोजून दाखवू व्हय? न्हाई पटलं." त्यांनी नातीला उचललं आणि चालू लागले. लोणावळ्याच्या फलाटावर ते एका बाकावर बसले, मी दुसऱ्या. माझा तक्ता पिशवीत होता आणि त्यातले तिन्ही दवाखाने आता बाद झाले होते.

सोमवारी प्रार्थना सुरू व्हायच्या आधी ते शाळेच्या पायरीवर बसलेले दिसले.

"बाई, दोन दिस सोताकडं बगत बसलो. पानी मी देतो. चप्पल मी घालतो. शेजारीन पोरीला कायतरी इचारती, उत्तर मी देतो. तिच्या वाटंचं समदं मीच बोलतोय की!" ते थांबले. "काल बाटली धरली. मोजलं. लय जड गेलं. सातावर तिनं माझा अंगठा धरून ओढला."

मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर पेरानं दोनदा ठोकलं. "पटलं."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी तेवढा एकदाच ऐकला.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा लोणावळा, आणि रोज घरी ओट्यावर डाळीची परात. शिडी म्हणून गोठ्याच्या पायऱ्या. आळीतले लोक विचारत, "आबा, बोलली का?" ते म्हणत, "रूळ चालतोय."

जूनमध्ये ती माझ्या पहिलीत बसली. हजेरी घेताना तिचं नाव आलं की शेजारच्या दोघी एका सुरात ओरडत, "हजर, बाई!" मीही खूण करून पुढे जाई. आठवड्यानंतर खिडकीतून आवाज आला.

"बाई, तिची हजेरी तिला देऊ द्या. धा आकडे थांबा."

"आबा, वर्गात एकतीस मुलं आहेत."

"मंग एकतीस पोरं थांबायला शिकत्याल. त्यात वाईट काय?"

इतकी वर्षं मी मुलांना प्रश्न विचारत आले होते आणि उत्तराला किती वेळ देते, हे कधी मोजलं नव्हतं. मी मोजू लागले. बरेच दिवस दहा आकडे रिकामेच गेले. वर्ग चुळबुळत असे, मग चुळबुळायचा थांबला. एके दिवशी आठवर बाकावरून आवाज आला : टक, टक. मी वर पाहिलं. ती मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती. मी तिच्या नावापुढे खूण केली. दिवाळीनंतर त्या टकटकीमागून "हज" आलं, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी "हजर". जास्त शब्द नव्हते तिच्यापाशी, पण जे होते ते तिचे स्वतःचे होते.

आता आसपासच्या वाड्यांतले पालक मला विचारायला येतात. मी तोच तक्ता काढते. त्यात मी दोन रकाने वाढवले आहेत : 'आत बसू देतात का' आणि 'काय झिजलं आहे'. पहिले सात मी फोनवर भरून देते. हे दोन मात्र पालकांनी स्वतः जाऊन भरायचे, असं बजावते.

यंदा थंडी सरता सरता आबा गेले. सकाळचं चालणं आटोपून ओसरीवर बसले, ते उठलेच नाहीत. नात दुसरीत होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर ती शाळेत आली, वेणीला पांढरी रिबीन, डोळे सुजलेले. हजेरी घेताना तिच्या नावापर्यंत आले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं, आज नको. आज तिला बोलायला लावू नये. मी गुपचूप खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

टक, टक.

मी त्यापुढचं नाव घेतलं.

टक, टक. या वेळी बाक हादरला. ती उभी राहिली होती. मान ताठ होती. सगळा वर्ग गप्प बसून थांबला. त्यांना थांबता येत होतं.

"बाई," ती म्हणाली, "माजं नाव ऱ्हायलं."

मी पेन खाली ठेवलं. बोट मागे नेऊन तिच्या ओळीवर आणलं, तिचं नाव पुकारलं आणि मनात मोजायला सुरुवात केली. एकाच्या पुढे जावं लागलं नाही.