बॉनेटवर कोण बसणार?

मंडळी, दोन तासांपूर्वी आमच्याकडून एक छोटा ट्रॅक्टर परत गेला. का, ते सांगते.

पाटणच्या वरच्या अंगाला आमची सागाची झाडं आहेत. तोडलेले ओंडके झाडांमधून ओढत वर रस्त्याला आणायचे असतात आणि मोठा ट्रॅक्टर तिथं शिरत नाही. म्हणून कराडच्या शोरूमचा माणूस आज छोटा घेऊन आला होता.

झाडांमधून तो सहज गेला. मग मागं साखळीनं ओंडका बांधून चढाला लावला, तर पुढची चाकं वीतभर वर उचलली.

शोरूमवाला म्हणाला, "काय न्हाई, एकजण बॉनेटवर बसा. उसाच्या ट्रॅक्टरवर बसत्यात की."

आमचे हे लगेच चढून बसले. उसाच्या सीझनला दरवर्षी बसतात, सवयच आहे.

मी म्हटलं, "तुमी उतरा, मी बसते. माझं वजन जास्त हाय."

"आवं वहिनी, तुमी नगा बसू! पडलासा तर चाकाखाली जाल," शोरूमवाला घाईघाईनं म्हणाला.

मी यांच्याकडं बघितलं. हे गुमान खाली उतरले.

आता तसाच अरुंद, पण अंगानं जड आणि पुढं लोखंडी वजनं लावता येतील असा ट्रॅक्टर बघतोय. मिळेल कुठंतरी.

तुम्हाला एवढंच विचारायचं होतं. तुमच्याकडं सीझनला त्या लोखंडाच्या जागी घरातलं कोण बसतं?