पाण्याखाली उघडलेलं काळीज

चिरफाडीच्या शेडमध्ये सगळे त्याला बुड्या म्हणत. बावीस वर्षं तो बंदरात पाणबुड्या होता. एकदा होडीवरच्यांनी खोल पाण्यातून घाईघाईने वर ओढून घेतलं, रक्तात हवेचे बुडबुडे झाले आणि उजवा पाय कायमचा गेला. मग साहेबांनी उपकार केल्याच्या थाटात इथे चिकटवलं. किनाऱ्याला लागलेलं मेलेलं जनावर टेबलावर चढवायचं, धुवायचं, सुऱ्यांना धार लावायची. कापायचं मात्र डॉक्टरबाईंनीच.

पण शिकायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. बाई विद्यार्थ्यांना समजावत, तेव्हा बुड्या बादली धरून कान देई. देवमासा बुडी मारतो तेव्हा काळजाचे ठोके मंदावतात. परांतलं, शेपटीतलं रक्त आवरून मेंदूकडे वळतं. प्राणवायू तो छातीपेक्षा रक्तामांसात साठवतो, म्हणून मांस काळंकुट्ट. खोलवर फुफ्फुसं चेपून मिटतात, हवेला रक्तात शिरायला वावच उरत नाही.

"म्हणजे माझं झालं ते याला होत नाही," बुड्या म्हणाला.

"घाबरला नाही तर नाही होत, काका. घाबरून भलत्याच वेगाने वर आला, की त्याचंही तेच."

त्या वर्षी बंदर खोल करायला पाण्याखाली सुरुंग लावू लागले. दोन महिन्यांत लहान जातीचे पाच देवमासे किनाऱ्याला लागले. दर वेळी कापायची परवानगी तिसऱ्या दिवशी यायची. तोवर कुजल्याचा वायू अंगभर. बुडबुडे सुरुंगाचे की सडण्याचे, कोण सांगणार? बाई लिहीत, 'कारण अज्ञात'. एक ताजा पुरावा मिळाला तर सुरुंग बंद पाडीन, असं त्या दात-ओठ खाऊन म्हणत.

सहावा सोमवारी सकाळी आला. अंग अजून कोमट. बाई परवानगीसाठी मोठ्या कचेरीत, फोन बंद. बारापर्यंत बुड्याने कळ काढली. जनावराचं पोट फुगू लागलं तशी त्याचीच सटकली. त्याने सुरी उचलली.

काम मात्र चोख केलं. काळजाभोवतीची पिशवी पाण्याने भरली आणि पाण्याखालीच काळजाला टोचलं, म्हणजे बाहेरची हवा आत जायला नको. बुडबुडे वर आले. एकामागोमाग एक, माळच.

"बघ, बघ!" त्याने पहारेकऱ्याला ओढत आणलं.

"पाण्यात बुडबुडे? बुड्याभाऊ, चहा उकळताना रोज बघतो की मी!"

एक वाजता बाई आल्या. टेबल पाहून दारातच थिजल्या.

"वायूचा नमुना घेतलात? फोटो?"

"डोळ्यांनी पाहिलंय बाई. खोटं बोलेन?"

"तुमच्या डोळ्यांना कागदावर किंमत नाही हो, काका! बिनपरवाना हातांनी कापलेलं जनावर बाद." त्यांनी पिशवीतून शिक्क्याचा कागद काढला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला. "आज पहिल्यांदाच त्याच दिवशी परवानगी दिली त्यांनी. तास, काका. एक तास."

बुड्या हातावरचं रक्त धुवायचंही विसरला.

गुरुवारी सातवा आला. ताजा, सहाव्यासारखाच. बाई पुन्हा मोठ्या कचेरीत; बुड्याने तिथे फोन केला. "थांबा," म्हणाले. त्याने देवमाशाच्या अंगावर ओली पोती टाकली आणि स्टूल ओढलं. दुपार झाली. समुद्राकडून एक सुरुंग ऐकू आला, मग दुसरा.

"काय बुड्याभाऊ, आज सुरी नाही?" पहारेकऱ्याने विचारलं.

 समोर पोट फुगत चाललं होतं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो नुसता बघत बसला.