चौदा घरांचा चोथा

कांचन सरनाईक आमच्याकडे आली की चहा नको म्हणायची. तिला हवा असायचा चोथा. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या चौदा मराठी घरांत तिने आइस्क्रीमचे रिकामे डबे वाटले होते आणि दर शनिवारी ती ते गोळा करत फिरायची. मी तिला तोंडावर चोथेवाली म्हणायचे. ती खुशाल हसायची आणि डबा उचलायची.

बाई रसायनशास्त्रात एम.एस्सी., तीही पहिली आलेली. पण नवरा यतीन सॉफ्टवेअरमधला आणि ही त्याच्या व्हिसावर, म्हणजे नोकरीला बंदी. चार वर्षं तिने घर इतकं घासलं की फरशीवरून पाय घसरायचा. शेवटी २००४ मध्ये ती एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये फुकट राबायला गेली. पाण्यातलं विषारी शिसं काढायला तिथे संत्र्याच्या साली, शेंगांची टरफलं असला कचरा वापरून बघत होते. कांचननं चहाचा चोथा सुचवला. तो धुऊन वाळवायचा, पाण्यात ढवळायचा, शिसं त्याला चिकटलं की गाळून टाकायचा. लॅबच्या प्रोफेसरबाई म्हणाल्या, सप्टेंबरअखेर जमलं तर पगारी जागा आणि स्वतःच्या नावाचा व्हिसा. नाहीतर टेबल दुसऱ्याला.

प्रोफेसरबाईंच्या टीबॅगमधला चोथा शिसं धरायचा. आमचा ढिम्म! दहा पाण्यांनी धुतला तरी तेच. कांचन रडकुंडीला आली.

एका शनिवारी मी चहाचं पातेलं घासत होते. तिने सहज ओला चोथा चिमटीत धरून चोळला आणि किंचाळलीच.

"संध्या, साय! याला साय चिकटलीये!"

आपण पत्ती दुधात उकळतो ना! स्निग्धांशाचा थर बसला की शिशाला चिकटायला जागाच कुठे? प्रोफेसरबाई चहा कोराच प्यायच्या. दुधात पत्ती उकळतात हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

हातात उरले बारा दिवस. पण मराठी मंडळाचा गणपती आला होता, म्हणजे दोनशे माणसांचा चहा. कांचन पदर खोचून पातेल्याशी उभी राहिली. पत्ती नुसत्या पाण्यात, आलं नाही, साखर नाही, दूध गाळल्यावर. मंडळाचा चहा करणारे मनोहरकाका भडकले.

"याला चहा म्हणतात? पंधरा वर्षांत असा अपमान केला नाही कुणी माझा!"

"काका, प्लीज, आजचा दिवस ॲडजस्ट करा. माझं करिअर आहे हो त्या पातेल्यात!"

काकांनी पातेल्यात डोकावून बघितलं. मग हॉलभर ओरडले, "सगळ्यांनी दोन-दोन कप प्यायचे! तोंड वाकडं करायचं नाही!"

लोक प्यायले. एकानं तर तिसरा मागितला, केवळ विज्ञानाखातर.

पुढच्या गुरुवारी मीच तिला लॅबमध्ये सोडलं आणि पार्किंगमध्ये थांबले. तासाभरानं पांढरा कोट फडकवत ती धावत आली.

"सत्त्याण्णव टक्के शिसं गेलं! सत्त्याण्णव!"

आम्ही तिथेच फुगडी घातली. प्रोफेसरबाई जागेचे कागद घेऊन मागोमाग आल्या आणि दोन बायका गरगर फिरताना बघून दारातच थबकल्या. मला हसूही येत होतं आणि रडूही.

तेवढ्यात यतीनचा फोन आला. जमलं का, विचारत होता. कांचनला धाप लागली होती.

"यतीन, तुझी नोकरी गेली ना, तर घाबरू नकोस. माझ्या व्हिसावर राहा!"