पाण्याखालचं हॉटेल

सोलापुरातल्या त्या गल्लीत कुणी काही विकत घ्यायचं ठरवलं, की आधी एकच प्रश्न निघतो: "विजयमालाकाकूंनी बघितलंय का?" सोफा असो, लग्नाचं कार्यालय असो, नाहीतर जावयाच्या सुटाचं कापड असो. काकूंनी बघितलं, दोन बोटांत धरून चुरगाळलं आणि "घ्या" म्हटलं तर घ्यायचं. त्यांनी नाक मुरडलं, तर दुकानदार कितीही गोड बोलू दे, गिऱ्हाईक पायरी उतरलंच म्हणून समजा. एका कार्यालयवाल्यानं तर तिला लांबून येताना बघूनच भाडं उतरवलं होतं, असं लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण विजयमाला ते कधी नाकारत नाही.

आणि का नाकारावं? नवरा गेल्यावर तिनं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा एकटीनं उभा केला. आता हाताखाली चार बायका आहेत, चटणी पुण्यापर्यंत जाते. कुठं पैसा सोडायचा आणि कुठं मूठ आवळायची, हे तिला कुणी शिकवायला जाऊ नये. गेलंच कुणी, तर ऐकून यायची तयारी ठेवावी.

तिची लेक अंकिता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. वाढदिवस जवळ आला तसं तिनं हळूच विषय काढला. "आई, पुणे रोडला नवीन पार्क झालंय. तिथं पाण्याखालचं हॉटेल आहे. समुद्राच्या तळाशी बसून जेवायचं. सगळ्या मैत्रिणी जाऊन आल्या."

"समुद्र? सोलापुरात?" विजयमालानं पोळपाटावरची नजरसुद्धा उचलली नाही. "नळाला पाणी येतंय चार दिवसांआड, आन् ह्यांना समुद्र पायजे."

"बघून तरी ये की. न बघता नाही म्हणणारी तू नव्हेस."

पोरीनं बरोबर नस पकडली. दुसऱ्याच दिवशी विजयमाला एकटी जाऊन धडकली. आधी भटारखाना बघते म्हणाली, मग कढईतलं तेल हुंगलं, आणि मगच आत जाऊन बसली. आत म्हणजे खरंच भलतंच होतं. भिंतीवर पाणी, छतावर पाणी, पायाखाली वाळू, आणि डोक्यावरून मोठाले मासे संथ चाललेले. बुडबुड्यांचा आवाज. गार हवा. वाढपी पाणबुड्याचा पोशाख घालून पुलाव वाढत होते. तिनं भिंतीला हात लावून बघितला. कोरडी ठणठणीत. सगळा पडद्यांवरचा खेळ.

वर आणखी अट अशी, की जेवण एका तासात उरकायचं. तास झाला की घंटा वाजणार आणि पुढची मंडळी आत येणार.

"तासावर जेवायचं?" तिनं मॅनेजरला विचारलं. "हे काय गाड्यांचं पार्किंग हाय व्हय?"

मॅनेजर शिवपुत्र अक्कलकोटकडचा, मिशा पिकायला आलेला सभ्य गडी. तो नुसता हसला. असली गिऱ्हाइकं त्यानं पाहिली नव्हती असं नाही, पण एवढ्या तोऱ्यातलं पहिलंच.

घरी येऊन तिनं निकाल दिला. "माणसं चांगली हायती, तेल ताजं हाय, पन पैसं वसूल न्हाईत. पाण्याखाली काय बघायचं? आपलं अख्खं गाव हाय की पाण्याखाली. तेवढं पुरं झालं."

निकाल लागला म्हणजे लागला. अंकितानं तोंड पाडलं, गल्लीतल्या दोघी-तिघींनी केलेलं बुकिंग रद्द केलं, आणि विषय मिटला.

गाव पाण्याखाली, हे ती उगीच बोलली नव्हती. उजनीचं धरण भरलं तेव्हा तिचं माहेर पाण्यात गेलं. ती तेव्हा आईच्या कडेवर होती. तिला त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही. नवं गाव वर माळावर वसलं. तिचा थोरला भाऊ ज्ञानबा तिथंच ऊस-केळी करतो, त्याच पाण्यात मोटार टाकून. जुन्या गावाबद्दल लहानपणी तिनं आईला हजारदा विचारलं असेल. अंबुबाईचं उत्तर ठरलेलं: "पाण्यात गेलं ते गेलं." आणि ती उठून कामाला लागायची.

पण एक गोष्ट अंबुबाईनं कधी चुकवली नाही. दर आखाडात जुन्या गावच्या लक्ष्मीआईला नैवेद्य. पुरणपोळी आणि दहीभात फडक्यात बांधायचा, होडीत बसायचं आणि पाण्यावर निघायचं. पलीकडची टेकडी आणि काठावरचा वाकडा पिंपळ एका रेषेत आले, की नावाडी वल्हं थांबवायचा. खाली देऊळ. तिथं नैवेद्य पाण्यात सोडायचा, हात जोडायचे, आणि परत. त्या गावच्या सगळ्याच घरांची ही रीत. देवी खाली राहिली, माणसं वर आली, म्हणून तिला उपाशी ठेवायचं का?

पण खुब्याचं ऑपरेशन झालं आणि अंबुबाईचं होडीत चढणं बंद पडलं. ज्ञानबा म्हणाला, मी सोडून येतो. तिनं ऐकलं नाही. गाव सोडताना ज्या बाईनं देवीला शब्द दिलाय तिनंच जायचं, असं तिचं म्हणणं. गेल्या आखाडात नैवेद्य झाला नाही, आणि तेव्हापासून म्हातारी एक वेळच जेवते. देवी उपाशी असताना आपल्या नरड्याखाली दोनदा घास उतरत नाही म्हणते. अंगावरचं मांस झडलं. डॉक्टरनं रिपोर्ट बघितले, ज्ञानबानं हात टेकले, आणि औषधपाण्यासाठी आईला सोलापूरला बहिणीकडं आणून सोडलं.

विजयमालानं सगळे उपाय केले. रागावली, लाडीगोडी लावली, गळ्याची शपथ घातली. जिच्या एका शब्दावर लोक सोफे परत करतात, तिचा शब्द स्वतःच्या आईपुढं चालेना. आखाड पुन्हा लागला होता. हाही नैवेद्य चुकला, तर म्हातारी उरलेलं एक वेळचं जेवणही सोडणार, हे तिला दिसत होतं. ती आतून पार हादरली होती.

अशात एका दुपारी अंकिता आजीला फोनवर फोटो दाखवत होती. "हे बघ आजी, हेच ते हॉटेल. आईनं नापास केलेलं."

अंबुबाईनं फोन डोळ्याजवळ नेला. बराच वेळ बघत राहिली. "हितं मानूस पाण्याखाली जाऊन बसतंय?"

"हो. वर सगळं पाणीच पाणी."

"विजे," म्हातारीनं स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली. "मला हितं घिऊन चल. नैवेद्य घिऊन."

विजयमाला पिठाच्या हातानंच बाहेर आली. "आये, खुळी का काय तू? ते खोटं पानी हाय. पडदं लावल्यात नुस्तं. मी हात लावून बघून आलीया."

"आन् आपण होडीतनं सोडत हुतो तो खाली पोचत हुता, ते कुणी हात लावून बघितलं हुतं?"

विजयमाला हाताचं पीठ झटकत राहिली.

तिला पैशाची नव्हे, वेगळीच भीती. आई तिथं जाऊन बसली आणि एवढंसं खेळण्यातलं पाणी बघून तिचं मन मोडलं तर? लोक हसले तर? पण दुसऱ्या दिवशी अंबुबाई सकाळपासून पुरण घाटायला बसली होती, आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडावर टवटवी दिसत होती. शेवटी विजयमालानं पदर खोचला. "चल. हसतंय कोन ते बघतेच मी."

तिघी हॉटेलवर पोचल्या, आणि दारातच अडलं. "मॅडम, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही," दारावरचा माणूस फडक्याकडं बोट दाखवत म्हणाला.

"खाणं कुटं हाय? नैवेद्य हाय त्यो!"

"नियम आहे, मॅडम."

"नियम तुमच्या पुलावासाठी असंल. देवीला काय तुमचं पनीर घालू व्हय?" तिचा आवाज असा चढला, की आतून शिवपुत्र धावत आला. त्यानं काठी टेकून उभ्या म्हातारीकडं बघितलं, तिच्या हातातल्या गाठोड्याकडं बघितलं.

"कुठल्या देवीचा नैवेद्य, अव्वा?" त्यानं आपल्या कानडी वळणानं आजीला विचारलं.

"लक्ष्मीआईचा," अंबुबाई म्हणाली. "ती खाली असती. पाण्यात. मला आता होडीत बसवत न्हाई बाबा."

शिवपुत्रानं स्वतः तिचा हात धरला. "या, अव्वा. नैवेद्याला कोण अडवतंय."

आत पाऊल टाकताच अंबुबाईनं डोक्यावरून पदर घेतला आणि मान वर केली. निळा-हिरवा उजेड तिच्या सुरकुत्यांवरून हलत होता.

"एवढं पानी चढलंय व्हय आपल्यावर," म्हातारी हळूच म्हणाली. तेवढ्यात एक भलाथोरला मासा जबडा उघडून समोर आला. "अगं बया! ह्याला जरा हाकला की कुणीतरी. देवीला जेवायचं हाय."

अंकिता फिस्सकन हसली. पण शिवपुत्र आत गेला, त्यानं काहीतरी बटणं दाबली, आणि मासे गेले. बुडबुडेही थांबले. राहिलं नुसतं पाणी आणि वरून झिरपणारं ऊन. आजूबाजूच्या टेबलांवरची कुजबुज थांबली. त्यांतलं कुणी हसलं नाही.

म्हातारीला वाकता येईना, म्हणून विजयमालानं नैवेद्य वाळूवर ठेवला. अंबुबाईनं तांब्यातलं पाणी त्याच्याभोवती फिरवलं, हात जोडले. "दोन वर्सांचं एकदम घे गं बाई," ती म्हणाली. मग खुर्चीवर टेकली, आणि वाढप्यानं समोर ठेवलेल्या ताटातला घास तिनं आपला आपण तोंडात घातला. पुन्हा एक घातला. विजयमाला बघतच राहिली.

चार घास झाल्यावर अंबुबाईनं मिठाची डबी पुढं ओढली. "हे लक्ष्मीआईचं देऊळ," ती म्हणाली. "ह्यो चमचा म्हंजी वढा. आन् ह्यो ग्लास, ह्यो आड. लई ग्वाड पानी." मग ती कांद्याच्या फोडी एकेक करून मांडू लागली. "हे पाटलाचं. हे सुताराचं. आन् हे आपलं. ह्या कोपऱ्यात तू झालीस. पायाकडनं आलीस, सुईण लई वैतागली हुती."

"म्हणजे आई तेव्हापासून उलटीच," अंकिता म्हणाली.

म्हातारी खळखळून हसली. विजयमालाला मात्र भडभडून आलं. एवढ्या वयात पहिल्यांदा तिला कळत होतं, आपण कुठल्या घरात, कुठल्या कोपऱ्यात जन्मलो ते. तिनं त्या कांद्याच्या फोडीला बोट लावून बघितलं.

आणि घंटा वाजली. छतावरचं पाणी मंद होऊ लागलं. एक वाढपी अदबीनं पुढं आला. "मॅडम, तुमचा तास झाला."

अंबुबाईच्या हातात अजून एक फोड होती. "आवो, आसं कसं? पलीकडची आळी राहिली की. हिच्या आत्याचं घर तितंच हाय."

विजयमालानं डोळे पुसले.

"आणखी एक तास लावा," ती म्हणाली. किती पडतील, ते तिनं विचारलं नाही. मिठाच्या डबीला धक्का न लावता तिनं रिकामी ताटं बाजूला सारली आणि आईला पलीकडच्या आळीसाठी जागा करून दिली.