चाळणीताईची ओसरी

"अहो मावशी, थांबा! तिथं नका खुपसू तो पेन ड्राइव्ह. आधी ओसरीत."

"ओसरी? तुझ्या दुकानात धड पाय पसरायला जागा नाही!" शिंपीणमावशी फणकारल्या.

छपाईवाल्या बाईला सगळे चाळणीताई म्हणत, ते उगीच नाही. एकाच संगणकात तिनं खोल्या पाडल्या होत्या. प्रत्येक खोली म्हणजे आपल्या भिंतींचा वेगळा संगणकच. परक्याचं सामान ओसरीत उघडायचं, छपाई माजघरात. मधे एक खिडकी. ती कामापुरती उघडायची, तीही ओसरीकडून आत देण्यापुरती. ओसरी रोज संध्याकाळी पुसून कोरी.

मावशींची तीस वर्षांची कापायची मापं त्या पेन ड्राइव्हमध्ये होती. व्हायरस बघून तीन दुकानांनी हात झटकलेले. आणि आज तीनला त्यांचा पहिला शिवणवर्ग, आठ बायका पैसे भरून येणार.

ओसरीत पेन ड्राइव्ह उघडला आणि एका फायलीच्या दहा झाल्या. पिसवांचं गोणपाट झटकल्यासारखं!

"एवढी खिडकी सताड उघडून टाक की. एकदाच!"

"एकदाच म्हणूनच तर गेलं होतं सगळं," ताई म्हणाली. सख्ख्या बहिणीची निकड होती म्हणून तिनं दोन मिनिटं खिडकी उघडी सोडली होती. व्हायरस आत शिरला आणि माजघरातली बारा पोरींच्या प्रकल्पवह्यांची कामं त्यानं कुलूपबंद केली. बारा घरी जाऊन हात जोडले होते तिनं.

"मग निदान फोटो काढून दे."

"फोटोवर कापड बेततात का? मापं बोला."

जुनी फाइल आत न्यायचीच नाही, असं तिनं ठरवलं. मावशी ओसरीतल्या पडद्यावरचं वाचत गेल्या. ताईनं माजघरात नुसते आकडे टिपले. छाती, खांदा, बाहीचा मुंढा. आकड्यांना रोग लागत नाही. त्या आकड्यांवरून कापायच्या नमुन्याच्या रेघा कागदावर छापून आल्या.

मावशींनी गळ्यातली टेप काढून कागदावर लावली. मुंढ्यापाशी दोनदा मोजलं.

"मुंढा अर्धं बोट जास्त आहे."

ताईचं तोंड उतरलं.

"चूक माझीच गं. तीस वर्षं तशीच कापत होते!" मावशी खदखदून हसल्या. "आज शिकवताना दुरुस्त करते. बाकीची मापं?"

"रोज चार. चहा तुमचा."

आठ प्रती घेऊन मावशी लगबगीनं निघाल्या. दारात एक जण पेन ड्राइव्ह नाचवत उभा होता.

"ओसरीत," ताई मान वर न करता म्हणाली.